चेंबरखालचा पुठ्ठा

मिस्त्रीचा दिवस सव्वापाचला सुरू व्हायचा. गजर लावावा लागत नसे. सदतीस वर्षं ज्या वेळी पाय जमिनीला लागत आले, त्याच वेळी ते लागायचे. चूळ भरायची, चहाचं आधण ठेवायचं, आणि पाणी उकळेपर्यंत दाराबाहेर जाऊन गाडीखालचा पुठ्ठा ओढून बघायचा.

पुठ्ठा साधा, खोक्याचा फाडलेला. आदल्या संध्याकाळी इंजिनाच्या बरोबर खाली सरकवून ठेवलेला. सकाळी त्यावर तेलाचा डाग. मिस्त्री कानावरची पेन्सिल काढून डागाभोवती रेघ मारायचा आणि बाजूला तारीख लिहायचा. पहिला डाग बशीएवढा होता. गाडीनं त्यानंतर कधी बशीच्या खाली उतरायचं नाव घेतलं नाही.

इंजिनाच्या पोटाखाली तेल साठवणारं पत्र्याचं भांडं असतं. त्याला धंद्यात चेंबर म्हणतात. ते अठरा-वीस बोल्टांनी खालून आवळलेलं असतं आणि मध्ये पॅकिंग असतं. मिस्त्रीचं म्हणणं, तेल तिथूनच गळतंय. आणि इंजिनाच्या बाबतीत मिस्त्री एकदा बोलला की गॅरेजात दुसरं कुणी तोंड उघडत नसे.

एवढ्याशा गळतीसाठी कुणी एरवी जिवाचं रान केलं नसतं. पण ही गाडी आठ तासांच्या रस्त्याला न्यायची होती, आणि त्या प्रवासाला मुदत होती.

मिस्त्रीची बायको विसरायला लागली होती. आधी गॅसवरचं दूध, मग शेजारणीचं नाव, मग आपल्याच घराची गल्ली. डॉक्टर तरुण होता, पण आडपडदा न ठेवता बोलला. "नवी माणसं आधी जातात काका, लहानपणची शेवटी. त्यांना कुणाला भेटायचं असेल तर आत्ताच भेटवा. महिना म्हणा, दीड महिना म्हणा. पुढचं मी सांगू शकत नाही."

लहानपणचं माणूस एकच उरलं होतं. ताई. बायको चार वर्षांची असताना आई गेली, तेव्हा ताई चौदाची. तिनंच हिला न्हाऊमाखू घातलं, शाळेत पोचवलं, मिस्त्रीला नीट पारखून हिचं लग्न लावून दिलं, आणि मग स्वतःकडे बघितलं. आता ताई एकटीच होती. गेल्या वर्षी न्हाणीघरात पडून तिचा खुबा मोडला. वॉकर धरून घरातल्या घरात फिरायची, पण बसची पायरी चढणं तिच्यानं होत नव्हतं. फोनवर बोलणं करून दिलं, तर बायकोनं दोन मिनिटं ऐकलं आणि फोन मिस्त्रीच्या हातात दिला. "कुणीतरी बाई बोलतेय. तुम्हीच बघा." समोरासमोरच भेट घालायला हवी होती.

मिस्त्रीनं गाडी काढायचं ठरवलं.

गॅरेजात पेंटर म्हणून एक जण होता. डेंट काढून रंग मारणारा, मिस्त्रीच्याच वयाचा, जिभेला हाड नसलेला. तो म्हणाला, "मिस्त्री, दोन डबे तेल डिकीत टाका आणि उद्या निघा. दोन तासांनी थांबायचं, घोटभर पाजायचं, पुढे. एवढ्या रस्त्यात माणूससुद्धा चारदा पाणी पितं."

"आणि रस्त्यात बॉनेट उघडून उभा राहू? मिस्त्रीची स्वतःची गाडी आणि मिस्त्रीच डबा घेऊन ओततोय?"

"कोण बघणारे तुम्हाला? सदतीस वर्षांत गाड्यांखालच्या या खड्ड्यातून डोकं वर काढलंत कधी?"

"वाटेत बंद पडली तर? ती घाबरते हल्ली."

"बंद कशाला पडेल? तेल टाकलं की चालते. हे मी तुम्हाला शिकवू?"

"एका रविवारात चेंबर कोरडा करतो. मग जातो."

बायको घाबरेल हे कारण खोटं नव्हतं, पण खरं कारण तेही नव्हतं. दुसऱ्यांच्या गाड्या कोरड्या करून देण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला स्वतःची गाडी गळत रस्त्यावर न्यायची नव्हती. ताईच्या दारात तर नाहीच. पेंटरला ते कळत होतं. म्हणून तो आपल्या रंगाच्या डब्याकडे वळला.

पहिल्या रविवारी मिस्त्रीनं गाडी उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवली आणि खाली शिरला. बायको स्टुलावर बसून पाने देत होती. चौतीस वर्षांचा संसार. तिला पान्यांचे नंबर तोंडपाठ.

"दहाचा."

"रिंगचा की उघडा?"

"रिंगचा दे."

"दहाच्या बोल्टाला एवढा जोर कशाला लावताय? मोडाल."

"तू पाने दे. शिकवू नकोस."

ती हसली. तेल काढलं, चेंबर उतरवला, जुनं पॅकिंग खरवडून काढलं, नवं बसवलं. सहा तास लागले. संध्याकाळी ती म्हणाली, "ताईला सांगा, शेवया करून ठेवू नकोस म्हणावं, मला आता गोड चालत नाही." मिस्त्रीला बरं वाटलं. सोमवारी सव्वापाचला पुठ्ठा ओढला. बशी.

दुसऱ्या रविवारी चेंबर पुन्हा खाली. या वेळी त्यानं त्याची कड उजेडात आडवी धरून बघितली आणि मनात स्वतःलाच शिवी दिली. बोल्टांच्या भोकांभोवती पत्रा आत दबला होता. मिस्त्रीची एक सवय होती. बोल्ट पुरेसा आवळून झाला तरी शेवटचा पाव फेरा तो द्यायचाच. हाताला समाधान वाटायला हवं. जाड लोखंडाला तो पाव फेरा चालतो, चेंबरच्या पातळ पत्र्याला चालत नाही. कड वाकते आणि दोन बोल्टांच्या मध्ये फट राहते. ही चूक त्यानं शंभर जणांना दाखवून दिली असेल. त्यानं लाकडाच्या ठोकळ्यावर कड ठेवली आणि हलक्या हातोडीनं एकेक भोक सरळ केलं. सपाट काचेवर चेंबर पालथा घातला. खालून कागदसुद्धा सरकेना. बोल्ट आवळताना उजवा हात डाव्यानं धरला, पाव फेरा जाऊ नये म्हणून.

त्या दिवशी त्यानं तेराचा मागितला तर तिनं सतराचा दिला. मिस्त्रीनं तो घेतला, बाजूला ठेवला आणि सरपटत बाहेर येऊन तेराचा स्वतः उचलला.

सोमवारी बशी.

तिसऱ्या रविवारी तो गाडीखाली होता आणि ती दारात उभी राहिली. केस विंचरलेले, हातात पर्स, पायात चपला.

"मिस्त्री."

तो थबकला. घरात ती त्याला कधी मिस्त्री म्हणत नसे. 'अहो' म्हणायची.

"मिस्त्री, गाडी कधी देणार? तुम्ही मागच्या आठवड्यातही उद्या म्हणाला होतात."

मिस्त्री पाठीवर पडून राहिला. चेंबरच्या कडेवरून एक थेंब त्याच्या गालावर पडला, तो त्यानं पुसला नाही.

"आमच्या ह्यांना सुट्टी मिळत नाही हो," ती म्हणाली. "आणि मला ताईकडे जायचंय. ती वाट बघत बसली असेल. जरा मनावर घ्या."

सदतीस वर्षांत अशी हजार गिऱ्हाइकं दारात येऊन उभी राहिली होती. त्यांना द्यायचं उत्तर त्याच्या तोंडात तयार असायचं, तेच बाहेर पडलं. "देतो बाई. अगदी थोडं राहिलंय."

"सगळे मिस्त्री असंच म्हणतात," ती म्हणाली, आणि आत गेली.

हे ऐकल्यावर दुसरा कुणी दोन डबे तेल घेऊन त्याच दुपारी निघाला असता. मिस्त्रीला तसं सुचलंही. त्यानं डिकी उघडली, डबे ठेवायला जागा केली, आणि उभा राहिला. मग त्याला वाटलं, आता तीन रविवार घातलेच आहेत. ताईचं नाव तर ती अजून घेतेय. एक रविवार आणखी. त्यानं डिकी लावली.

चौथ्या रविवारी पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना सुकणारा लेप लावला आणि चोवीस तास इंजिन चालू केलं नाही. डब्यावर लिहिलं होतं तसंच, अक्षरशः. ती आतून दोनदा विचारायला आली. दोन्ही वेळा ताईचं नाव घेतलं. लेप सुकला, इंजिन चालवलं. मंगळवारी बशी.

गुरुवारी त्यानं गाडी गॅरेजात आणून खड्ड्यावर उभी केली. पेंटर आला, वाकून बघितलं. रंगकामाच्या माणसाला पृष्ठभाग दिसतो.

"मिस्त्री, अख्खं इंजिन धुऊन कोरडं केलंत का?"

"गळतंय खाली, धुऊ कशाला वरचं?"

"माझं ऐका. धुवा. मग अंगाला लावायची पावडर सगळीकडे उडवा. तेल चाललं की पांढऱ्यावर वाट उमटते."

घरून बायकोचा पावडरचा डबा आणला. इंजिन धुतलं, वाळवलं, वरून खालपर्यंत पांढरं केलं आणि वीस मिनिटं चालवलं. मग मिस्त्रीनं आरसा घेतला आणि इंजिनाच्या मागच्या अंगाला धरला, जिथे हात जातो पण डोळा जात नाही.

पावडरवर एक बारीक काळी वाट उमटली होती. वरच्या झाकणाच्या मागच्या कोपऱ्यातून निघाली होती, इंजिनाच्या पाठीवरून सरळ खाली आली होती आणि चेंबरच्या कडेला येऊन थेंब धरत होती. चेंबरचा जोड ठणठणीत कोरडा. वरच्या झाकणाचं पॅकिंग तेवढं कडक होऊन कोपऱ्यात चिरलं होतं.

ते बदलायला पंचवीस मिनिटं लागली. आठ बोल्ट. खाली शिरावंही लागलं नाही.

पेंटरनं चहा मागवला, आणि मिस्त्रीचा चहा निवला तेव्हा दुसरा मागवला. मिस्त्रीचं चारही रविवारचं काम चोख होतं. आजही कुणी चेंबर उतरवून बघावा. नवशिक्यालासुद्धा पहिल्या दिवशी सांगतात, तेल वरून खाली येतं. ते त्यालाही कुणीतरी सांगितलं होतं. त्यानंही इतरांना सांगितलं होतं.

शुक्रवारी सकाळी पुठ्ठा कोरा. शनिवारी सहा वाजता निघाले. आठ तासांत मिस्त्रीनं दोनदा तेलाची कांडी बघितली; पातळी केसभरही हलली नव्हती. ती खिडकीबाहेर बघत होती. घाबरली नाही. ताईचं नावही घेतलं नाही. मिस्त्रीनं स्वतःहून काढलं, "ताई खूश होईल बघ." ती म्हणाली, "हो का?"

ताई वॉकर धरून दारातच उभी होती. किती वेळापासून, कोण जाणे. पातळ झालेले केस, नवी कोरी साडी. बायको गाडीतून उतरली, पदर सावरला, पायऱ्या चढली आणि नीट हात जोडले.

"नमस्कार. ताई आहे का घरात?"

ताईनं मिस्त्रीकडे बघितलं. मग हिच्याकडे. वॉकरची मूठ तिनं एवढी घट्ट धरली की बोटं पांढरी पडली.

"येईल इतक्यात," ताई म्हणाली. "बस ना."

ती बसली. पर्स मांडीवर, नजर दाराकडे. कुणाची चाहूल लागली की अर्धवट उठायची.

स्वयंपाकघरात ताईनं आवाज दाबून विचारलं, "कधीपासून हे?"

"रविवारपर्यंत तुमचं नाव घेत होती."

"मग रविवारी का नाही आणलीत?"

"गाडी गळत होती."

"काय गळत होतं?"

"तेल."

ताई शिकलेली नव्हती, गाडीतलं तिला काही कळत नव्हतं. ती म्हणाली, "मग जास्तीचं घेऊन निघायचं होतंत, जावईबापू. टाकत टाकत यायचं."

मिस्त्री ओट्याला टेकून उभा राहिला. नळ नीट बंद झालेला नव्हता. त्यानं तो बंद केला. मग त्याच्या खांद्यांना जे हलायचं होतं ते हललं, आणि ताईनं तोंड फिरवून त्याला तेवढा वेळ दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताईनंच विषय काढला. "बसमध्ये मला जमत नाही. मागच्या सीटवर आडवी पडून जमेल. इथे माझं काय अडलंय? ती मला शोधतेय तर मी तिच्याजवळ असलेली बरी. ओळखू दे नाहीतर न ओळखू दे." सोमवारी तिला दोन उशांवर निजवून मिस्त्रीनं गाडी अशी चालवली की खड्ड्याचा हिसका म्हणून लागला नाही.

आता घरात तिघं आहेत. बायको ताईला 'बाई' म्हणते आणि पाहुणीसारखं सांभाळते. चांगला कप ताईला देते. रोज विचारते, तुमचं गाव कुठलं, तुम्हाला भावंडं किती. ताई रोज सांगते. एकदा ती संकोचून म्हणाली, "बाई, राग मानू नका, पण माझी ताई यायची आहे. ती आली की तुम्हाला ही जागा सोडावी लागेल हं."

"सोडीन की," ताई म्हणाली. "लगेच सोडीन."

मिस्त्रीनं वर्षभर ओव्हरटाइम केला होता तो इंजिन पुरं उघडून नवं करायला. ते पैसे त्यानं काढले आणि लोखंडी खाट आणली. मोडलेल्या खुब्याच्या माणसाला सखल खाटेवरून उठवत नाही, म्हणून चारही पायांना पाइपाचे तुकडे जोडून ती चार बोटं उंच केली, धरून उठायला एका बाजूला दांडा लावला, आणि बायकोच्या खाटेशेजारी मध्ये हातभर जागा ठेवून मांडली.