मैनाला उतलेला बिब्बा

मैनाचा उजवा डोळा सुजून पार मिटला होता. टेस्टचा निकाल बघायला अमरावतीहून आलेल्या आमच्या खात्याच्या साहेबांनी एकच नजर टाकली आणि शिपायाला बंदूक आणायला पिटाळलं. गुरांचा डॉक्टर म्हणून ती टेस्ट मीच केली होती.

मैना म्हणजे अकोल्यात कापसाचा जिन चालवणाऱ्या एका शेठजींची थरोब्रेड, खास रेससाठी पैदास केलेल्या जातीची तरणी घोडी. नागपूरची रेस जिंकून ती पुण्यातही पहिली आली होती. परतली ती नाक गळतच. स्टेशनवरून येताना ज्या हौदावर ती पाणी प्यायली, तिथल्याच एका टांग्याच्या घोड्याला ग्लँडर्स निघाला. हा रोग माणसालाही लागतो आणि तेव्हा त्याला औषध नव्हतं. घोड्याला झाला की कायद्याने गोळी. टांगेवाला दवाखान्यात तापाने फणफणत होता. मैनाचं नाक मी उघड्या हातांनी तपासलं होतं. भीती मला माझ्या जिवाचीही वाटत होती.

टेस्ट साधी असते. खालच्या पापणीत मॅलीन नावाच्या औषधाची सुई टोचायची आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. डोळा सुजून पू आला, की रोग आहे.

"सूज आहे. आणखी काय हवं?" साहेब म्हणाले.

"पू नाही, साहेब. ताप बघतो."

थर्मामीटर लावला. ताप नव्हता. मग डोळा जवळून पाहिला. सुई खालच्या पापणीत दिली होती, सूज मात्र वरून खाली पसरली होती. भुवईपाशी एक काळा डाग, भोवती बारीक फोड.

मैनाची देखभाल करणारे मोतद्दार रहीमचाचा तिच्या गळ्याला बिलगून उभे होते.

"चाचा, इथे काय लावलं?"

"काई नाई."

"बंदूक येतेय, चाचा. बोला."

त्यांनी घोडीचा गळा सोडला. "बिब्बा लावला, डाक्टरसाब. जितून आली तवापासून सारं गाव पाहाले येऊन राहिलं. तुमी सुई टोचली, मले वाटलं हिले नजरच लागली. म्हून टिक्का लावला."

बिब्बा कातडीवर उततो, फोड येऊन सूज चढते, हे वऱ्हाडात कोणाला ठाऊक नाही? पण घाबरलेल्या माणसाला ते आठवायचं कुठून!

"आणि रोग असलाच तर?" साहेबांनी विचारलं.

"सूज उतरली की डाव्या डोळ्यात टेस्ट करू. तोही सुजला तर गोळी मीच घालतो."

बोललो खरा. मला बंदूक धरताही येत नव्हती.

घोडी वेगळी बांधली. चाचा तिच्याजवळच राहिले. ते नुसते खोकले तरी माझा जीव खालीवर होई. दुसऱ्या टेस्टनंतरच्या सकाळी तबेल्याचं दार ढकलायला माझा हात धजेना. आतून चाचांचा आवाज आला, "या ना, डाक्टरसाब. दोन्ही डोळ्यानं पाहून राहिली."

ती साधी सर्दी निघाली. मैना पुढे मुंबईतही जिंकली. टांगेवाला मात्र वाचला नाही.

त्यानंतर कुठेही मॅलीन टोचलं, की मी मालकाला बजावायचो: बिब्बा दाराला टांगा, घोड्याला लावू नका.