रोशनबीनं भिंत फोडली

आमच्या बोळात रोशनबीच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. दूधवाला तिचं माप घालताना हात जरा सैल सोडायचा आणि घरपट्टीवाला तिचं दार शेवटाला ठेवायचा. लोक म्हणत, बाई भांडखोर. मी तिच्या भिंतीला भिंत लावून राहिले, आणि मला अजून राग येतो तो असं म्हणणाऱ्यांचा. तिच्या नवऱ्यानं पिंजलेल्या गाद्यांवर ज्यांनी उभी हयात लोळून काढली, त्यांनी तरी तोंड आवरायला हवं होतं.

तिचा नवरा मौलाली नदाफ. पिंजारी. निम्म्या शुक्रवार पेठेच्या गाद्या त्याच्या हातच्या, आमच्याही. घरात लग्न निघालं की आधी मौलालीला सांगावा जायचा, मग आचाऱ्याला. लोक आपल्या जुन्या गाद्या त्याच्या दारात टाकून जायचे. त्या उसवायच्या, आतला गाठी झालेला मळका कापूस धनुकलीवर पिंजायचा आणि नव्या खोळीत भरायचा. खोळी शिवायच्या आणि दाभणानं टाके घालायचे ते रोशनबीनं. धनुकलीची तार दिवसभर टँव टँव वाजत असायची. तिच्या वरताण बोलायचं म्हणजे ओरडावंच लागतं. बाईचा आवाज चढला तो तिथं. घरात नवराबायको त्यांच्या हिंदीत बोलत, पण भांडण मात्र मराठीत. भांडायला मराठी बरी पडती, असं ती स्वतःच म्हणायची.

त्या खोलीत कापसाच्या तुसाचं धुकं असायचं. तिच्या भुवया संध्याकाळपर्यंत पांढऱ्या व्हायच्या. "तोंडाला फडकं बांधा," म्हणून ती त्याच्यामागं लागायची. तो हसायचा. "फडकं बांधलं तर विडी कुठनं वढू?"

ऐंशी साल उलटलं आणि मौलालीचा दम संपत आला. आधी जिना चढवेना, मग धनुकली उचलवेना, मग आडवं झालं की गुदमरायला लागला. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि सांगितलं, तूस बसलंय, फुप्फुसं कामातून गेलीत. जागेपणी कसंबसं भागतंय, पण झोपला की श्वास उथळ होतो. तेव्हा झोपताना ऑक्सिजन लावायचा, रोज, उठेपर्यंत. झोपेत मास्क निघाला तर एखादे दिवशी उठणार नाही.

एवढं सांगून डॉक्टर मोकळे झाले. मास्क निघू नये म्हणून काय करायचं, ते त्यांनी सांगितलं नाही. नळी कुठून घ्यायची, कूस कशी बदलायची, कानामागं पट्टा काचला तर काय, कोण सांगणार? औषध लिहून द्यायला शाई लागते, रात्र काढायला माणूस लागतं.

हातगाडीवरून सिलिंडर आला. पुरुषभर उंच, लोखंडी, काळा. आणणाऱ्यानं खोली बघितली. बोळासारखी लांबट खोली, पूर्वेला दार, पश्चिमेला आमच्या पडवीची सामाईक भिंत, आणि त्या भिंतीच्या कोपऱ्यातच रोशनबीची चूल. "ह्यो चुलीपाशी न्यायचा न्हाय," तो म्हणाला, "चूल इझलेली असू दे न्हाय तर पेटलेली." सिलिंडर दाराशी उभा राहिला, आणि मास्क लावलेला असेस्तवर चूल पेटवायची नाही असं ठरलं. आणि मौलालीचं डोकं पश्चिमेला, पाय दाराकडं. म्हणजे नळी खाटेच्या सगळ्या लांबीनं त्याच्या अंगालगत डोक्यापर्यंत यायची.

त्या लाल रबरी नळीनं रोशनबीचा जीव खाल्ला. मौलाली कुशीवर वळला की नळी पाठीखाली जायची, दुमडायची, आणि सिलिंडरच्या तोंडाशी लावलेल्या बाटलीतल्या पाण्याचे बुडबुडे थांबायचे. बुडबुडे थांबले की रोशनबीला जाग यायची. नाहीतर पायात अडकून नळी ताणायची आणि मास्क नाकावरून हनुवटीवर यायचा. तिनं चिंध्यांनी नळी खाटेच्या माच्याला बांधून बघितली. मग त्याला वळताच येईना, झोपेत गुदमरल्यागत ओरडून त्यानं पट्टाच तोडला. नाकाच्या दांडीवर वळ उठला म्हणून तिनं खोबरेल लावलं, तर सिलिंडरवाला तिच्यावर खेकसला, तेल-तूप ह्याच्या आसपास आणायचं न्हाय, भडका उडंल. मग मलमलीची घडी करून पट्ट्याखाली घातली. ती तेवढी टिकली.

सकाळी ती आमच्या दारात यायची ती डोळे तांबारलेले घेऊन. "विजयमाला, आज मी त्या नळीचा गळा दाबतो बघ." आमच्याकडं बायकाही येतो-जातो म्हणतात. मी चहा द्यायची. ती तो बशीत ओतून फुंकर न घालताच प्यायची.

यात भर समाचाराला येणाऱ्यांची. आजाऱ्याला बघायला जाणं हे पुण्य, मान्य. पण मौलाली दुपारी जरा मास्क लावून पडला की तेव्हाच यांना पुण्य सुचायचं. खाटेच्या पायथ्याशी, नेमकं नळीवर, बूड टेकायचं आणि "झोपलाय व्हय?" असं मोठ्यांदा विचारायचं. बोळातली चिमणाबाई तर एकदा उदबत्ती पेटवूनच आली, देवाची म्हणून. रोशनबीनं उदबत्तीसकट तिला बाहेर काढलं. चिमणाबाईनं बोळभर सांगितलं, भांडखोर बाई. मी असते तर ती उदबत्ती चिमणाबाईच्याच लुगड्याला टेकवली असती.

डॉक्टर एकदा घरी येऊन गेले. त्यांनी खोली बघितली आणि चुटकीसरशी तोड काढली. "खाट फिरवा. डोकं दाराकडं करा, सिलिंडर उशाशी येईल, नळी वरून सोडा. कसाही वळू दे."

सरळ होतं. पण खाट फिरवली की पाय पश्चिमेला, आणि पश्चिमेला काबा, नमाजाची दिशा, किबला. काब्याकडं पाय करून मुसलमान झोपत नाही. खाट आडवी टाकावी तर खोली एवढी अरुंद की दार उघडेना. मौलालीनं मान हलवली. न्हाय म्हणजे न्हाय.

रोशनबी पेटली. "नमाजाला वर्षातनं दोन ईदला जाणारा माणूस, आणि आज ह्यास्नी किबला आठवला!"

मौलालीचा धाकटा भाऊ सिकंदर मशिदीतल्या मौलवींना घेऊन आला. मौलवी भले गृहस्थ होते. त्यांनी सांगितलं, आजाऱ्याला सगळी सूट आहे. उशाला उंच तक्क्या द्या, तोंड काब्याकडं होतं, तोही अदबच. खुशाल फिरवा. मौलालीनं त्यांच्यापुढं हात जोडले आणि पुन्हा मान हलवली. मौलवी गेल्यावर रोशनबीनं बोळ डोक्यावर घेतला. डॉक्टर सांगतो, मौलवी सांगतो, बायको रात्र रात्र बसून मरती, आणि ह्यांचं आपलं एकच. मलाही त्याचा राग आला, खोटं का बोलू? वाटलं, माणूस हट्टाला पेटला की बायकोच्या जिवाचं त्याला काही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याकडं कसलंतरी पीठ द्यायला गेले होते. मौलाली भिंतीला टेकून बसला होता. पहाटे मास्क निघून पडला होता, ओठ अजून जांभळट होते. रोशनबी त्याच्यापुढं उभी राहून बोलत होती, अन् बोलता बोलता एकदम म्हणाली, "तुम्हांला मरायचंच हाय, तर सांगा तरी!"

"मरायचं न्हाय म्हणूनच," मौलाली म्हणाला.

दोन शब्दांत त्याला धाप लागायची. थांबत थांबत त्यानं सांगितलं. "माझ्या बाला असंच फिरवलं हुतं. पाय मगरिबला, काब्याकडं. मी ल्हान हुतो, मीच पाय धरलं. मरणाऱ्याला तसं फिरवत्यात, रोशन. बा बघत हुता. त्याला कळलं. फिरवस्तवर बोलत हुता... फिरवलं आणि गप झाला. मग गेलाच. मी तसा निजलो, तर मला रोज वाटणार, आज फिरवलं."

इतके दिवस आम्ही सगळे त्याच्या धर्माशी भांडत होतो. माणूस नुसता भ्यालेला होता, आणि बायकोसमोर भ्यालोय म्हणायची लाज वाटत होती.

रोशनबीची नजर त्याच्यावरनं त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर गेली. मी पीठ ठेवून घरी आले.

घरी येऊन पडवीत मी हरभरा निवडत बसले. सासू, आमच्यात सासूला आत्ती म्हणतात, आत देवपूजेत होती. तेवढ्यात भिंत हादरली. वरनं माती सांडली. मला वाटलं भूकंप. पुन्हा दणका बसला, पांढऱ्या मातीचा पोपडा माझ्या सुपात पडला, आणि भिंतीतून पहारीचं टोक बाहेर आलं. पलीकडून रोशनबीचा आवाज आला, "बाजूला सर गं, लागंल!"

आत्ती ओल्या हातानं बाहेर आली. आमची आत्ती, राजमतीबाई, म्हणजे साधं प्रकरण नव्हे. जैनांच्या नेमानं दिवस मावळला की पाण्याचा थेंब न घेणारी, सोवळ्याओवळ्याची कडक बाई. तिनं ते भोक बघितलं, त्या भोकातून दिसणारा रोशनबीचा घामेजलेला चेहरा बघितला, आणि तिच्या अंगात आलं.

"ए रोशनबी! कुणाची भिंत फोडतीस गं? माझ्या सासऱ्यानं बांधलेली भिंत हाय ती!"

"मग सासऱ्याला बलवा! सिलिंडर तुमच्या पडवीत उभा ऱ्हाणार. ह्यांच्या डोक्यावरनं नळी आत घेणार मी. खाट फिरवणार न्हाय!"

"इचारायची रीत हाय का न्हाय?"

"इचारलं असतं तर तुम्ही न्हाय म्हणाला असता! भिंत मी बांधून देतो, आत्ती. नवरा कोण बांधून देणार हाय मला?"

हे शेवटचं तिनं विचारलं तेही भांडतच. आत्ती भोकासमोर उभी राहिली. पलीकडं खाटेवर मौलाली खाली मान घालून बसला होता, जसं काही भिंत त्यानंच फोडली होती. आत्तीनं त्याच्याकडं बघितलं. मग भोकात हात घालून चाचपलं.

"कड धारेची ऱ्हायलीया," ती तशाच रागात म्हणाली. "नळी कापंल. जरा मोठं कर आणि आतनं कापड लाव. आणि माती माझ्या पडवीत पडलीया ती तू येऊन झाडायची."

पडवीत दगडी फरशी होती आणि आमची चूल घराच्या पार दुसऱ्या टोकाला. सिलिंडरवाल्यानं बघून मान डोलावली. भिंतीच्या भोकातून नळी आत गेली, मौलालीच्या डोक्यावर आढ्याला बांधलेल्या सुतळीच्या फासातून खाली लोंबली. फास सैल, नळी सैल. डावीकडं वळला तर नळी मागोमाग यायची, उजवीकडं वळला तर तिकडं. पाठीखाली काही नाही, पायात काही नाही. सिलिंडरची किल्ली फिरवायचं काम आत्तीनं स्वतःकडं घेतलं. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकून ती पडवीत जायची आणि भोकात तोंड घालून विचारायची, "सोडू का रे?" पलीकडून मौलाली "सोडा" म्हणायचा. माझ्या नवऱ्याला सुद्धा ती किल्लीला हात लावू द्यायची नाही.

मौलाली झोपायला लागला. रोशनबीही झोपली. त्यामुळं तिचा आवाज कमी झाला असेल असं कुणाला वाटलं, तर ते चूक. झोप मिळाल्यावर तिच्या अंगात जोर आला आणि दूधवाल्याचे हाल आणखी वाढले.

असं वर्षाच्या वर चाललं. मग थंडीच्या दिवसांत मौलालीला न्यूमोनिया झाला आणि दवाखान्यानं हात टेकून त्याला घरी पाठवून दिलं. एका सकाळी सिकंदरनं मला बोलावलं. खोली भरली होती. मौलाली मास्क लावून पडला होता, डोळे अर्धवट उघडे, श्वास लांब लांब पडत होता. नात्यातला एक म्हातारा म्हणाला, "आता येळ करू नका. फिरवा ह्यास्नी." सिकंदर आणि दुसरा एकजण खाटेशी वाकले.

"हात लावून बघा," रोशनबी म्हणाली.

ती खाटेच्या पायथ्याशी येऊन उभी राहिली. म्हातारा म्हणाला, "भाभी, अशानं गुन्हा लागतो."

"लागू दे. मला लागू दे. खाटेला हात लावणाऱ्याचा मी हात मोडीन."

तिच्याबद्दल बोळात जे बोलतात ते त्या सगळ्यांना ठाऊक होतं. ते मागं सरले. मौलालीची मान हलली. इतकी माणसं कशाला जमलीत म्हणून तो बघत होता. त्याचे डोळे एकेकावरून फिरले, मग रोशनबीवर आले आणि तिथंच थांबले. त्या नजरेत तो काय विचारत होता ते मला लख्ख कळलं. मला वाटलं, आता ही रडणार, त्याचा हात हातात घेणार, काहीतरी मायेचं बोलणार.

रोशनबी कमरेवर हात ठेवून कडाडली, "काय बघताय डोळं फाडून? ह्यास्नी काय, रिकामटेकडी माणसं हायती, येत्यात आणि नळीवर बसत्यात! गप डोळं मिटा. मास्क सोडला तर बघा माझ्याशी गाठ हाय!"

मौलालीच्या चेहऱ्यावरचा ताण सुटला. रोजच्यासारखी बायको ओरडतीय, म्हणजे रोजच्यासारखीच झोप. त्यानं डोळे मिटले. ती ओरडत राहिली, दूधवाल्यावर, चिमणाबाईवर, सिकंदरवर, दवाखान्यावर, आणि तिच्या गालांवरून पाणी गळत होतं तरी आवाजात त्यातलं काही येऊ दिलं नाही तिनं. श्वास थांबल्यावरही ती थांबेना. शेवटी भोकापलीकडून आत्ती म्हणाली, "रोशन, बास. झोपला त्यो." आणि किल्ली बंद केली.