कपडे सुकेपर्यंत

मोठ्या दिरांनी कुवेतहून आणलेला कपडे सुकवायचा ड्रायर आमच्या वसईच्या घरात बाहेरच्या खोलीत असायचा. वापरायला नव्हे, दाखवायला. भिंतीला घट्ट चिकटवलेला, अंगावर क्रोशाचा रुमाल, रुमालावर प्लास्टिकची फुलं. आळीतलं कुणीही आलं की सासूबाई त्याचं दार उघडायच्या आणि आतला ड्रम हातानं गरकन फिरवून दाखवायच्या. बरं, दाखवा बापडे! पण धुणं माझं होतं, आणि पावसाळ्यात दोरीवर कुबट वास मारत लटकणाऱ्या कपड्यांची बोलणीही मीच खायची.

त्या वर्षी जुलैत त्यांनी एकदाची परवानगी दिली, आणि दुसऱ्याच खेपेला मशीननं मान टाकली. ड्रम फिरायचा, कपडे ओले ते ओलेच. झालं! "माहेरी चांदीपच्या शेतात असली वस्तू पाहिलीय कधी हिनं?" सासूबाई येईल त्याला ऐकवायच्या. माहेरच्या बोलीत मी 'पानी' म्हणायचे, त्याचीही नक्कल व्हायची, पाहुण्यांसमोर, अगदी हसतहसत.

अशात एका रविवारी माझा भाऊ आला, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला. आईला अर्धांगाचा झटका आला होता. वाचा गेली होती, नुसती दाराकडे बघत पडली होती.

"मावशी, ताईला पाठवा," तो सासूबाईंना म्हणाला.

सासूबाई नाही म्हणाल्या नाहीत. त्या तोंडावर कधीच नाही म्हणायच्या नाहीत.

"ने ना रे बाबा. पण मशीन हिनं बंद पाडून ठेवलंय, घरभर हे ओले कपडे. तेवढे सुकले की जाऊ दे हिला."

बाहेर धो धो पाऊस. नवरा पेपर वाचत होता. पेपर काही खाली आला नाही.

माझं डोकंच फिरलं. पदर खोचला, रुमाल आणि फुलं उचलून पलंगावर फेकली.

"अगं अगं, मोडशील!"

"मोडलेलंच आहे ना? मग आता काय मोडायचंय!"

मशीन चालू केलं आणि थोड्याथोड्या वेळानं दार उघडून आत हात धरला. आधी चांगली ऊब आली, मग हळूहळू गेली. म्हणजे तापवायची तार शाबूत होती. ती जळली असती तर ऊब आलीच नसती. काहीतरी तिला मध्येच बंद करत होतं. मागच्या फटीत हात घातला तर भिंत तव्यासारखी तापलेली आणि वर ओलीगच्च, ऑइलपेंटला फोड आलेले.

बटण बंद केलं, पिन काढली आणि भावाला हाताशी घेऊन मशीन पुढे ओढलं. मागे तांब्याच्या तोंडाएवढं भोक होतं, ओली गरम हवा बाहेर जायचं, आणि तेच नेमकं भिंतीला टेकवलेलं! हवा जाणार कुठे, डोंबलात? ती आत कोंडायची, मशीन फार तापायचं आणि जळू नये म्हणून आपणच तापायचं थांबायचं. भोकात आकडा घालून कपड्यांच्या तंतूंचा मूठभर बोळा ओढून काढला.

"याला लावायचा पाईप कुठाय?"

मला ठाऊक होतं. पाईप कपाटात होता, प्लास्टिकच्या पिशवीसकट. नवी वस्तू, वापरून खराब होईल! उत्तराची वाट न बघता मी तो काढला. एक टोक भोकाला बसवलं, दुसरं खिडकीच्या गजांतून बाहेर काढलं.

"रस्त्यावरच्या खिडकीतून? लोक काय म्हणतील?"

मी कपडे आत टाकले आणि बटण दाबलं. खिडकीबाहेर पावसात भसाभसा वाफ निघाली. भाऊ आल्यापासून पहिल्यांदा हसला. मशीन फिरत होतं तोवर मी पिशवी भरली, साड्या आणि आईला आवडणारा मोरावळा.

दार उघडलं तर टॉवेल कडकडीत, हात लावू नये इतके गरम.

"आई, सुकले."

सासूबाईंनी एक टॉवेल हातात घेतला, चुरगळून पाहिला, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"ओले आहेत."

मला आधी कळलंच नाही. "ओले? अहो, तुम्ही तरी बघा!"

नवरा उठला. आधी त्यानं आपल्या आईकडे बघितलं, मग ड्रममध्ये हात घातला. बोटं झटकन मागे घेतली, भाजली होती मेल्याची! आणि म्हणाला, "जरा दमटच आहेत."

भावानं काही टॉवेलला हात लावला नाही. बहिणीच्या सासरी तो काय बोलणार? "बरं मावशी," म्हणाला, ओल्या चपला पायांत सरकवल्या आणि गेला. मी आरडाओरडा केला, रडले, कपाळ बडवून घेतलं. कुणी लक्ष दिलं नाही.

आठवडा व्हायच्या आतच तो पुन्हा आला, आई गेल्याचं सांगायला. पाऊस तसाच होता. मशीन परत भिंतीला लागलं होतं आणि घरभर दोऱ्यांवर ओले कपडे लटकत होते. सासूबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"जा हो बाई, लगेच जा," त्या म्हणाल्या. "कपड्यांचं काय, सुकतील."