सात्त्विक मरळ

माझ्या सासऱ्यांनी मासे सोडले, कारण गावातल्या दुसऱ्या एका माणसाने ते आदल्या दिवशी सोडले होते. देवाचा त्यात संबंध फार थोडा.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी जळगाव जामोदची, लग्न होऊन धामणगाव बढे गावात आले होते. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची आणि सासूबाईंना आत्याबाई. घरी जमीन चांगली, बैलजोड्या दोन, आणि गावात आपला शब्द चालतो अशी मामाजींची समजूत. तेवढीच जमीन असलेले आणि तीच समजूत असलेले दुसरे गृहस्थ समोरच्या गल्लीत राहात. दोघांचं भांडण कधी झालं नाही. फक्त एकाने घरावर नवे टिनाचे पत्रे टाकले की महिन्याभरात दुसऱ्याच्या घरावरही चढत.

त्या वर्षी सप्त्याला बाहेरगावचे एक म्हातारे महाराज आले. सहाव्या दिवशी समोरचे गृहस्थ कीर्तनात उठले, महाराजांच्या हातून गळ्यात तुळशीची माळ घालून घेतली आणि मांस-मच्छी सोडल्याचं जाहीर केलं. मोठा जयघोष झाला. मामाजी घरी आले ते थेट भिंतीकडे तोंड करून पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मरळीचा रस्सा आणि तीन भाकरी खाल्ल्या. सप्ता चालू असताना घरात मासा शिजू नये ही गावाची रीत होती, पण मामाजींच्या मते पाळणूक देवळाच्या पायरीपासून सुरू होते. मरळ म्हणजे आमच्याकडचा नदीचा मासा. लांब, काळ्या पाठीचा. भोयांच्या बाया तो उभा चिरून, मीठ-हळद लावून, चुलीच्या वर टांगून धुरावर सुकवत. असा धुरावलेला मासा बरेच दिवस टिके, आणि रश्शात पडला की त्याचा वास तीन घरं ओलांडून जाई. मामाजींना त्याच्यापुढे काही सुचत नसे.

तर ते जेवले, हात धुतले, फेटा बांधला, देवळात गेले आणि काल्याच्या कीर्तनात उठून उभे राहिले. समोरच्या गृहस्थांनी एकट्यापुरतं सोडलं होतं. मामाजींनी हात उंच करून सांगितलं, "मी, माही बायको, लेक, सून, आमचं सारं घरदार! आजपासून मांस-मच्छी बंद!"

जयघोष आदल्या दिवसापेक्षा मोठा झाला. आम्ही बायकांच्या बाजूला बसलो होतो. आत्याबाई माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "आपन बी सोडले म्हनते."

घरी आल्यावर चुलीवर टांगलेल्या उरलेल्या दोन मरळी मामाजींनी स्वतः काढल्या आणि गाईच्या गोठ्यामागे पुरायला लावल्या. पुरण्याआधी त्यांनी त्या एकदा हुंगल्या, हे मी पाहिलं. कढई आत्याबाईंनी राखेने घासली, पुन्हा घासली, आणि उपडी घातली.

मासे घेऊन येणारी भोईण दर बाजाराच्या दिवशी आमच्या मागच्या दाराशी येई. पुढच्या दाराने तिला येऊ देत नसत, आणि मागच्या दाराने तिच्या टोपलीतलं सगळं घेत. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे कबूल केलं पाहिजे. त्या बाजाराला मामाजी मुद्दाम मागच्या दारी येऊन उभे राहिले. तिला जीवदयेवर त्यांनी बरंच ऐकवलं. ती टोपली कमरेवर घेऊन शांत उभी होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "बरं हाये, मालक. पन समोरच्या मालकानं बी सोडले, तुमी बी सोडले. आता मी काय सोडू?"

मामाजींनी फेटा सावरला. त्यांना देवळात जायचं होतं.

पंधरा दिवस बरे गेले. मग मामाजींना जेवणात खोट दिसू लागली. डाळ पातळ, वांगं कडू, भाकरी जाड. एका दुपारी ताट पुढे सरकवून म्हणाले, "वासच नाई कायले."

"कायचा वास पाह्यजे?" आत्याबाईंनी विचारलं.

मामाजींनी दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "मासा नको. मासा आपल्याले वर्ज्य. पन माश्यासारखं कायी करता येत नाई का तुमाले? दोघी दोघी बाया हाये घरात."

नंतर ते बराच वेळ समजावत राहिले की पाप जिवाला मारण्यात आहे, चवीत नाही. आत्याबाईंनी ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, "चाल वं. माळ त्याईनं घातली, आता मासा आपन पैदा करू."

पहिलं आम्ही वांगं घेतलं. लांबडं वांगं कापसाच्या पऱ्हाटीच्या जाळावर भाजलं, चिरलं, मीठ-हळद लावली. ते भरीत झालं. दुसरं काही होण्याचा वांग्याचा विचारच नव्हता. मग बेसनाचं पीठ घोटून माशाच्या आकाराच्या वड्या थापल्या. मी तर बोटाने डोळेही काढले. मामाजींनी एक उचलली, डोळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे काय पोराईचा खेळ करून राह्यल्या?" दुधी करून पाहिला. तो धुरात रडला आणि निखाऱ्यात पडला. दर वेळी मामाजी घास घेत, डोळे मिटून वाट पाहत आणि डोळे उघडून आमच्याकडे असं बघत की जणू आम्हीच त्यांना माळ घातली.

केळ्याचं माझ्या डोक्यात आलं. माझ्या माहेरी केळीचे बाग जवळ. कच्च्या केळ्याची भाजी आम्ही नेहमी करायचो. कच्चं केळं सालीसकट अर्धवट उकडलं, उभं चिरलं, तर आत पांढरं आणि रेघारेघांचं निघतं. आणि साल धुरात काळी पडते, अगदी मरळीच्या पाठीसारखी. रूप जमलं. वास मात्र केळ्याचाच.

वास आत्याबाईंना सापडला. कोनाड्यात जवसाच्या तेलाचा एक जुना डबा होता. त्या झाकण काढून थांबल्या, पुन्हा हुंगलं आणि मला हाक मारली. जवसाचं तेल शिळं झालं की त्याला ओल्या नदीकाठासारखा एक वास येतो. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. एरवी ते तेल आम्ही फेकून दिलं असतं. मामाजींच्या जिवाला काही होईल का, असं मी विचारलं. आत्याबाई म्हणाल्या, "थोडंच लावू."

राहिला धूर. आमच्या धुराने केळं करपायचं नाहीतर नुसतं काळवंडायचं. धुराचं ज्ञान भोयांकडे, आणि त्यांतली माझ्या ओळखीची फक्त आमच्या मागच्या दारी येणारी भोईण. मी भोयांच्या वस्तीत गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या दारात गेले होते. मी काय विचारते आहे हे कळेपर्यंत ती गंभीर होती. कळल्यावर हसत हसत खाली बसली.

"केळं? मालकासाठी केळ्याचा मासा?"

"हाव."

"आनि मी शिकवू?"

मी मान खाली घातली. ती डोळे पुसत उठली. "येते. पन शिकवनीची जवारी मीच मापून घेईन. आनि मालक घरी नसतीन तवा."

ती आली, आणि आमची चूक तिने चुलीकडे नुसतं बघून सांगितली. "जाळ करून राह्यल्या तुमी. जाळ नाई पाह्यजे, धूर पाह्यजे." तिने निखाऱ्यावर ओली बाभळीची साल आणि थोडं ज्वारीचं भूस टाकलं, वर टोपली पालथी घालून फडकं ओलं करून पसरलं. केळ्याच्या फाका मीठ, हळद आणि चिंचेच्या पाण्यात मुरवून, जवसाचं तेल चोपडून, आत सुतळीला टांगल्या. सकाळपासून दुपार कलेपर्यंत ती चुलीशी बसली आणि आम्हाला झाकण उघडू दिलं नाही. काढल्यावर एक फाक तिने तोडून तोंडात टाकली.

"धूर खरा हाये," ती म्हणाली. "मासा खोटा हाये. पन मालकाले धकते."

धकलं. त्या संध्याकाळी भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या काळ्या रश्शात ती फाक पडली आणि मामाजींनी पहिल्याच घासाला डोळे मिटले ते घास उतरेपर्यंत उघडलेच नाहीत. दुसऱ्या घासाला त्यांनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. "खरं सांग. केळंच हाये ना?"

"केळंच हाये, मामाजी."

ते चार भाकरी जेवले. शेवटी सवयीने त्यांनी तोंडातला काटा शोधला.

अडचण अशी की वास तीन घरं ओलांडून जाणारा होता, आणि तो गेला. तिसऱ्या दिवशी समोरचे गृहस्थ भजनी मंडळाचे चार लोक घेऊन ओसरीवर आले. चेहऱ्यावर दुःख आणि आत आनंद.

"भाऊ, गावात वास येऊन राह्यला," ते म्हणाले. "आमी म्हटलं, इच्यारावं."

"केळं हाये थे!" मामाजी ओरडले.

"केळ्याले असा वास?"

मामाजी त्यांना ओढतच परसात घेऊन गेले. टोपली उचलली. पाच जण वाकून बघत राहिले. काळ्या पाठीच्या फाका सुतळीला लटकत होत्या. समोरच्या गृहस्थांनी खात्री करायला एक चाखली. नीट कळलं नाही म्हणून दुसरी चाखली. मंडळातल्या बाकीच्यांनाही नीट कळलं नाही. तपास संपला तेव्हा सुतळीवर काही उरलं नव्हतं. "केळंच हाये," समोरचे गृहस्थ म्हणाले, आणि एखादी गोष्ट हातातून गेल्यासारखा त्यांचा आवाज पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची बायको पदराखाली कच्च्या केळ्यांची फणी घेऊन आमच्या मागच्या दारी हजर.

महिन्याभरात हा शोध मामाजींनी लावल्याचं ठरलं. पाहुण्यांना ते सांगत, "मी इच्यार केला, का बा धूर तर कुठी वर्ज्य नाई." त्याला त्यांनी नावही दिलं: सात्त्विक मरळ. भोईणीचं नाव त्यात कुठे नव्हतं. तिचं शिकवणं संपलं होतं, आणि गावातल्या मोठ्या घरांतून माशाचं गिऱ्हाईक उठल्यामुळे ती आता टोपली डोक्यावर घेऊन मोताळ्याच्या बाजारापर्यंत पायी जायची.

पुढच्या वर्षी सप्त्याला तेच महाराज आले. मामाजींनी त्यांना हट्टाने जेवायला बोलावलं. पाट, रांगोळी, आणि पानात मधोमध सात्त्विक मरळ. समोरच्या गृहस्थांनाही बघायला बोलावलं होतं. महाराजांनी एक तुकडा खाल्ला, शांतपणे चावला.

"जळकं केळं दिसतं," ते म्हणाले.

मामाजी हसले. "महाराज, चव पाहा ना. हुबेहूब मरळ!"

"मी जन्मात मासा खाल्ला नाही, बाबा. मला केळंच लागणार. तुम्हाला मरळ लागली, ती तुमच्या जिभेवर होती म्हणून." आवाजात राग नव्हता, उलट थोडी कीव होती, आणि मामाजींना ती रागापेक्षा जास्त लागली. मग महाराजांनी वाढणाऱ्या आत्याबाईंकडे पाहिलं. "माय, तुम्हालाही मासा आठवतो का?"

आत्याबाई पदर सावरून म्हणाल्या, "आमाले कोनी इच्यारलंच नाई, महाराज. याईनंच आमच्यावाले मासे बी सोडले."

"माळ तुम्ही घातली?"

"नाई."

"मग तुम्ही कुठे काही सोडलं?" महाराजांनी पाण्याचा तांब्या उचलला. "ज्याने शपथ घेतली त्याच्यापुरती ती. दुसऱ्याच्या तोंडाची शपथ घेता येत नाही."

समोरच्या गृहस्थांना अचानक खोकला आला.

महाराज गाव सोडून गेले आणि त्यानंतरच्या बाजाराला आत्याबाई स्वतः भोयांच्या वस्तीत गेल्या. येताना भोईण त्यांच्याबरोबर होती, आणि टोपलीत धुरावलेली मरळ. आत्याबाईंनी परसात तीन दगडांची वेगळी चूल मांडली, ती उपडी कढई सरळ केली. मामाजी ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. एकदा दारापर्यंत येऊन म्हणाले, "गावात काय म्हनतीन?"

"म्हनतीन का बायकोनं माळ नाई घातली," आत्याबाई म्हणाल्या आणि फोडणी दिली.

मामाजींनी शेवटपर्यंत मासा खाल्ला नाही. हे मला त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. माळ त्यांनी हेव्याने घातली, पण पाळली खरी. त्यांच्यासाठी मी केळं धुरावत राहिले आणि मामाजी ते खात राहिले, नाव न घेता.

त्या पहिल्या दिवशी मात्र आम्ही परसात जेवायला बसलो. आत्याबाईंनी तिसरं ताट वाढलं. भोईण कुंपणाजवळच्या दगडावर बसायला निघाली होती. आत्याबाई जरा सरकल्या, गोणपाटाची घडी उलगडून मोठी केली आणि म्हणाल्या, "इकडं बस वं. तिकडं ऊन लागते."

ती क्षणभर उभी राहिली. मग बसली, आणि मरळीतला मोठा काटा कसा एका ओढीत काढायचा ते मला दाखवू लागली.