इंजिनावरचा चहा

मिस्त्रीकाका चहा आधी इंजिनाला दाखवत आणि मग स्वतः पीत. म्हणजे कारबोरेटर जुळवून झाला, की चहाचा भरलेला ग्लास चालू इंजिनावर ठेवायचा. चहा सांडला नाही, नुसता थरथरला, की काम झालं. मग तोच ग्लास उचलून फुर्रकन प्यायचा. तेवढ्या वेळात तो चहा निवतो की तापतो, हे मला आजवर कळलेलं नाही.

कोहमाऱ्याच्या चौफुलीवर, ढाब्याला लागून त्यांचं टिनाचं गॅरेज. रायपूरकडचे ट्रकवाले त्यांचं नाव विचारत यायचे. सगळ्यांच्या गाड्या सुधारत, आमचीच तेवढी सुधारत नसे. बाबूजींची जुनी पांढरी अ‍ॅम्बेसिडर रविवारी सकाळी आचके देत तिथं पोचायची, दुपारी गुमान घरी यायची आणि पुढच्या रविवारी पुन्हा आचके! ढाबेवाला दात काढायचा, "मिस्त्री, मास्तरची गाडी सुधरली का?" काका कपाळाला हात लावत, आणि हाताचं ग्रीस कपाळावर राहून जाई.

"जेट बदलला, सुई बदलली, फ्लोट बदलला. आता का बदलू मास्तर? मिस्त्रीच बदला तुमी!" असं ते म्हणत. बाबूजी गंभीरपणे मान हलवत. आमचे बाबूजी शाळामास्तर. बिनकामाचं कुणाच्या दारात उभं राहणं त्यांना जन्मात जमलं नाही. सख्ख्या बहिणीकडेसुद्धा बोलावणं आल्याशिवाय जात नसत. पण गॅरेजच्या बाकड्यावर दुपारभर बसत, आणि कारबोरेटर उघडा पडलेला असताना दोघं धानावरच्या किडीपासून गावातल्या लग्नांपर्यंत सगळं बोलून काढत. या माणसाला गाडीचा राग कसा येत नाही, याचं मला नवल वाटे.

बाबूजी गेले. तेरवी झाल्यावर मीच गाडी घेऊन कोहमाऱ्याला गेले. काकांनी कारबोरेटर उतरवला, जुने पार्ट काढले, नवा किट घातला. "हा आखरी किट, पोरी. आता नाही जमलं त पाने इकून टाकतो. या एका कारबोरेटरनं माया हात खोटा पाडला." मग इंजिनाला कान लावून हवेचा पेच जरासा इकडे, जरासा तिकडे करत राहिले. शेवटी ग्लास ठेवला. चहा थरथरलासुद्धा नाही.

आणि गाडी बिघडलीच नाही! एक रविवार गेला, दुसरा गेला. काकांना आनंद व्हावा, तर त्यांचाच फोन, "काऊन नाही बिघडून राहिली? खरं सांग."

"अहो, बरं झालं ना काका!"

"बरं कसं? मीच तो, पेचही तोच. मंग इतके वर्षं मी का करून राहिलो होतो?"

माझंही डोकं चालेना. आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती, तिचे हात थांबले. "शनिवारी संध्याकाळी तुझे बाबूजीच तो हवेचा पेच फिरवून ठेवत. म्हणत, मिस्त्रीकडे जायला काही काम तर पाहिजे."

हसावं की रडावं कळेना. काकांना सांगावं की नाही, तेही कळेना. गेलेल्या माणसाची चोरी कशी उघडी करायची? पण इकडे जिता माणूस पाने विकायला निघालेला. शेवटी मी कोहमाऱ्याला गेले आणि सांगून टाकलं.

काका भडकलेच. "मी माया हाताले शिव्या घातल्या ना वं पोरी, इतके वर्षं!" हातातला पाना त्यांनी आपटला. मग बॉनेट उघडून त्या पेचाकडे बघत उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि माझेही.

"मास्तर असाच आला असता," ते म्हणाले, "त मी चाय नसती पाजली काय?"

पाने त्यांनी विकले नाहीत. मी रविवारी जात राहिले. "का बिघडलं?" ते विचारत. "काहीच नाही." "मंग बस." चहा आधी इंजिनावर, मग माझ्या हातात.

यंदा तेही गेले. गाडी अजून एका सेल्फात सुरू होते. रविवारी सकाळी मी ती अंगणात सुरू करते, आणि घेऊन कुठं जायचं, तेच समजत नाही.