शांतवनभाऊंचा हिरडा

फोन आला तेव्हा मी घोडेगावच्या बाजारात होतो. पाळक शांतवनभाऊ गेले... आणि त्यांचं शेवटचं मागणं मला पुरं करता आलं नाही, याची चीड इतक्या आठवड्यांनंतरही शमलेली नाही.

शिनोलीजवळच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीचे ते पाळक. मी शेजारचा, दुसऱ्या धर्माचा निवृत्त मास्तर. देवानं ही जमीन राखायला दिलीय, विकायला नाही, एवढाच त्यांचा उपदेश. कुणी वारलं की हार आणू नका म्हणत आणि मातीच्या कबरीच्या उशाला स्वतः वाढवलेलं हिरड्याचं रोप लावत. त्यातूनच दफनभूमीत हिरड्यांची राई झाली. डोंगराला वणवा लागला की चर्चची घंटा वाजवून माणसं गोळा करायचे. तरी गावात कुजबुज, झाडं लावतोय म्हणजे उद्या बाटवणार! उतारावरची झाडं तोडायला लोक आले तेव्हा भाऊ आडवे गेले, तर त्यांना ऐकवलं गेलं, "पावणं, आमच्या डोंगरात तुमी नका पडू." उभा जन्म इथे काढलेला माणूस पावणा. भाऊ हसले. मला तेव्हाही हसू आलं नव्हतं.

शेवटच्या भेटीत त्यांनी दुधाच्या पिशवीतलं रोप माझ्या हाती दिलं. म्हणाले, "मास्तर, माझ्यावर फरशी घालू देऊ नका. हे लावा."

मंडळीनं ग्रॅनाइट घातलं. काळं, चकचकीत, भोवती सिमेंटचा ओटा. दगडाचा टेम्पो आत यावा म्हणून भाऊंनीच लावलेले दोन हिरडे तोडले, आणि ग्रॅनाइटवर कोरलं काय, तर झाड! मी रोप घेऊन मंडळीच्या थोरल्या पंचांकडे गेलो. त्यांचे डोळे भरले होते, खोटे नव्हते, म्हणून तर जास्त संताप आला.

"भाऊंनी आमच्यासाठी लई केलं. त्यान्ला उघड्या मातीत कसं ठेवायचं? आन् मास्तर, तुमी पावणं. आमच्या धर्मात नका पडू."

मी रोप घेऊन परत आलो.

पेल्यात उरलेलं पाणी भाऊ कधी फेकत नसत, जवळच्या झाडाला घालत. आता मीही तेच करतो. परवा पिशवी फाडून मूळ बाहेर आलं, तेव्हा रोप तेलाच्या डब्यात हलवलं. डबा किती दिवस पुरणार... आणि ज्या कबरीसाठी ते वाढवलं, तिथे बोटभर माती उघडी ठेवलेली नाही.