आरेतल्या लोंब्या

ब्याऐंशीच्या जानेवारीत संपामुळे गिरणी बंद पडली तेव्हा मी एफ.वाय.ला, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. गोरेगाव पूर्वेला, हायवेच्या अलीकडे, बैठ्या चाळीत आमची एक खोली. मोठ्या बहिणीचं लग्न होऊन ती गावाला गेलेली, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागावर. संप काही दिवसांत मिटेल असं सगळेच म्हणत होते, वडीलही म्हणत होते. पावसाळा आला तरी मिटला नाही. आधी घरातलं दूध बंद झालं, मग मासळी. मालवणी घरात मासळी बंद होणं म्हणजे काय, ते ज्याच्या घरात झालं त्यालाच कळेल. आई एका कारखान्यातून शर्ट आणून काजं-बटणं करायची. खोलीभर शर्टांचे ढीग. त्यात बसायला जागा करून मी अभ्यास करायची. कॉलेजात मुली विचारायच्या, तुझ्या अंगाला नव्या कापडाचा वास कसा गं येतो? मी म्हणायची, येतो बाबा, काय करू! हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. आम्ही कोणापुढे हात पसरला नाही, हेही त्याच्या जोडीला लिहून ठेवते.

त्या वर्षी दसरा जवळ आला आणि आईला एक वेगळीच काळजी लागली. आमच्याकडे दसऱ्याला दाराला नवं बांधतात. नवं म्हणजे नव्या भाताच्या लोंब्या, सोबत आंब्याची पानं, कुरडूची फुलं, मिळाला तर झेंडू. सगळं एकत्र बांधून उंबऱ्याच्या वर लावायचं. एरवी गावाहून कोणीतरी येताना लोंब्या घेऊन यायचं. पण संपाच्या वर्षी गावाहून मुंबईला येतंय कोण? सगळे इथून तिकडेच चालले होते.

"बाजारात मिळतील की," मी म्हटलं.

"बाजारातला नवा? तां काय नवा झाला?" आई म्हणाली. "कोणाच्यातरी शेतातला मागान आणूक व्हया. तेच्या बांधार नारळ ठेवन येवक व्हयो."

आता गोरेगावात शेत कुठे, असं कोणालाही वाटेल. पण हायवे ओलांडून आरेच्या चढाला लागलं, म्हशींचे गोठे मागे टाकले, की आत आदिवासी पाडे होते आणि पाड्यांच्या खाली, उताराला, भाताचे लहान लहान तुकडे होते. दसऱ्याआधीच्या रविवारी आम्ही तिघं निघालो. आईच्या पिशवीत नारळ. चाळीच्या तोंडाशी शेजारीण उभी होती, ती काही न बोलता जाऊ देणारी नव्हेच.

"काय गो, गिरणी बंद आणि तुमची पिकनिक चालू?"

"येतंस तर ये," आई म्हणाली. "पाय दुखतले तर माका सांगू नको."

माझ्या आठवणीत आम्ही तिघांनी मिळून काढलेली ती पहिली सहल. त्याआधी वडिलांच्या पाळ्या असायच्या. रविवारी ते झोपलेले असायचे आणि आम्ही आवाज न करता जेवायचो. गिरणी बंद पडली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आपले वडील चालताना हात मागे बांधतात, आणि झाडाखालून जाताना मान वर करून बघतात.

आश्विनातलं आरे ज्यांनी तेव्हा पाहिलं नाही त्यांना सांगून पटणार नाही. खाली आमच्या चाळीत पत्रे तापून जीव नकोसा व्हायचा. वर चढावर मात्र गवत कमरेएवढं, टोकाला पिवळं पडत चाललेलं, आणि त्याला एक गोडसर, उन्हात भाजल्यासारखा वास. चतुर डोक्यावर घिरट्या घालत असायचे. आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं. खडकाच्या कडेने सोनकीची पिवळी फुलं. वडील प्रत्येक झाडाचं नाव सांगत चालले होते. काही नावं आई दुरुस्त करत होती. "खैर न्हय हां तो," वगैरे. ते ऐकून न ऐकल्यासारखं करत होते.

पाड्यावरच्या एका बाईने काही विचारलं नाही. नारळ घेतला, विळा घेऊन खाली उतरली, मूठभर लोंब्या कापून आईच्या ओटीत घातल्या. "पुढच्या सालीबी या," म्हणाली. बस, एवढंच. पण परतताना आई गाणं गुणगुणत होती, हे मला अजून आठवतं, कारण त्या सबंध वर्षात ती तेवढीच गुणगुणली.

मग तो नादच लागला. होळीपर्यंत जवळजवळ प्रत्येक रविवारी आम्ही कुठेतरी चालत गेलो. पवईच्या तळ्याकाठी बसून शेंगा खाल्ल्या. एकदा बोरिवलीहून खाडी ओलांडून गोराईला गेलो, तिथे मिठागराकडेच्या वाटेवर आईची चप्पल तुटली आणि वडिलांनी आपल्या चपला तिला दिल्या आणि स्वतः अनवाणी आले. ती शेवटपर्यंत "तुमचे पाय केवढे, माझे केवढे" असं कुरकुरत चालली. मी हसत होते. पण खरं सांगायचं तर या रविवारांची मला धास्तीही वाटायची. कारण कुठेही हिरवं दिसलं, पाणी दिसलं, की वडील थांबायचे आणि म्हणायचे, "गाव असोच असा."

त्याच्या पुढचं वाक्य काय ते मला माहीत होतं. गावाला घर आहे, जमीन आहे, तुझा काका एकटा राबतोय. इथे आता काय आहे? सगळ्यांनी जाऊया. आणि सगळ्यांनी जाणं म्हणजे माझं कॉलेज संपणं. आमच्या गावापासून कॉलेज बस बदलून, त्यातही पावसाळ्यात एसटी बंद. मी गावाला गेले असते तर वर्षाच्या आत माझं लग्न झालं असतं. वडील दुष्ट नव्हते. त्यांच्या मनात मुलीची सोय म्हणजे तेवढीच होती. माझ्या मनात पदवी होती. आमच्याकडे कोणी मॅट्रिकच्या पुढे गेलं नव्हतं आणि मला ते करून दाखवायचंच होतं.

संपाचं दुसरं वर्ष आलं. संप अधिकृतपणे मिटला की नाही हे कोणी सांगत नव्हतं, पण वडिलांची गिरणी उघडली नव्हती. मध्ये त्यांनी मुलुंडला एका कारखान्यात रखवालदारी केली, ती सुटली. मी टी.वाय.ला, पदवीच्या शेवटच्या वर्षाला होते. भाद्रपदातच त्यांनी ठरवून टाकलं होतं. दसरा इथे करायचा आणि भाताच्या कापणीला गावाला हजर व्हायचं. तिघांनी. खोली सोडायची.

"बाबा, माझं टी.वाय. आहे. परीक्षा मार्चमध्ये."

"परीक्षा देवन काय कलेक्टर होतलंस?" ते म्हणाले. रागाने नव्हे, थकून म्हणाले.

आई सुई दातात धरून होती. ती काढून म्हणाली, "चेडू शिकता हा, तेका शिकांदे. येक वरीस तर रवला."

"आणि खातला काय?"

आईने सुई परत शर्टात घातली. बटणं लावत राहिली.

असा घरात ताण, आणि दसऱ्याआधीच्या रविवारी आम्ही पुन्हा आरेच्या चढाला. त्या दिवशी वाटेत शूटिंग चालू होतं. आमच्या बाजूला ते नवलाचं नव्हतं, पण या वेळी शेतकरी होते. दहा-बारा जण पांढऱ्याशुभ्र धोतरात, खांद्यावर नांगर घेऊन ओळीने चालत होते. वडील थांबून बघत राहिले.

"ह्ये शेतकरी? हेंच्या पायाक चिखल तरी लागलो हा?" ते मोठ्याने म्हणाले. एक पोरगेला माणूस धावत आला. "ओ काका, बाजू हटो ना, फ्रेम में आ रेले हो!" वडील बाजूला झाले, पण मजेत होते. बऱ्याच दिवसांनी मजेत होते. पुढे चालताना नांगर कसा धरतात हे त्यांनी मला छत्री धरून दाखवलं.

पाड्यावर त्या बाईची गडबड चालली होती. घरात पाहुणे होते. तिने आम्हाला ओळखलं, विळा पुढे केला आणि म्हणाली, "घ्या दादा, तुमचं तुमीच कापून. खालच्या तुकड्यात."

वडिलांनी विळा घेतला, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बांधावरून उतरले. आम्ही दोघी वर उभ्या. ते एकेक लोंबी निवडून कापत होते, कडेकडेने, तिच्या पिकाचं नुकसान होऊ नये म्हणून. मूठ भरली तशी वर आले आणि आईपुढे धरली. चेहरा असा की जणू गावची सगळी जमीन नांगरून आले.

आईने एक लोंबी चिमटीत धरून चोळली. लांब कुसळं होती तिला. दाणे हात लावताच गळून पडले. फुंकर मारली तर हातात काहीच उरलं नाही. बाईने जवळ येऊन बघितलं आणि हसू लागली. "अवो दादा, हे तर रान हाय! भातासारखंच दिसतं, आमी उपटून उपटून दमतो. तुमी नेमकं तेच वेचून आणलं!"

ती मजेनेच हसली. मीही हसले. वडीलही हसण्याच्या बेतात होते. तेवढ्यात आई म्हणाली,

"पंचवीस वर्सां गिरणीत गेली. भात खयचा आणि तण खयचा, तां वळखूक येना नाय, आणि म्हणे गावाक जावन शेती करतलंय!"

मग कोणीच हसलं नाही. त्या बाईने मान वळवून घराकडे हाक मारल्यासारखं केलं. वडील परत खाली उतरले. या वेळी त्यांनी प्रत्येक लोंबी बोटांनी दाबून बघितली. वर आले, आईकडे न देता माझ्या हातात दिल्या. बांधावर नारळ ठेवला, नमस्कार केला. परतीच्या वाटेवर ते आमच्या पुढे चालत होते, हात मागे बांधलेले. शूटिंग अजून चालू होतं. त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

दसऱ्याला नवं त्यांनीच बांधलं. आणि दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी आईला म्हणाले, "तुमी दोघां हय रवा. चेडवाची परीक्षा होवंदे. मी जातंय."

"येकटे?"

"येकटोच. भात वळखूक शिकाक होया मा माका."

कडवटपणा नव्हता त्यात. निदान आवाजात नव्हता. आई उठून चहा ठेवायला गेली. मी पुस्तक उघडून बसले आणि एकच परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचत राहिले. मला हवं होतं तेच घडत होतं. माझं कॉलेज सुटणार नव्हतं, खोली राहणार होती. आनंद व्हायला हवा होता, आणि तो थोडा झालाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर एसटी स्टँडपर्यंत गेले. त्यांनी खिडकीतून आईबद्दल सांगितलं, "आवशीक सांभाळ." एवढंच.

ते परत राहायला आले नाहीत. कापणीनंतर आले ते आठवडाभर, पाहुण्यासारखे. खोलीत कुठे बसावं ते त्यांना सुचायचं नाही. पुढे वर्षातून एकदा यायचे, तेही कमी झालं. आई गणपतीला जायची आणि बटणांचं काम आहे म्हणून लवकर परतायची. भांडण म्हणावं तर कधीच झालं नाही. पण दोघांनी उरलेलं आयुष्य दोन ठिकाणी काढलं. ते शेती चांगली करत होते असं काका सांगायचे. ते स्वतः आईला कधी सांगत नसत.

पुष्कळ वर्षांनी, मी कमावती झाल्यावर, आई एकदा भाजी निवडताना आपणहून बोलली. "मी तां जावचे नाय म्हणान बोललंय गो. माका वाटला, आयकतले आणि रवतले. माझ्या तोंडात काय इला ता माकाच कळला नाय." मी तिच्या पुढ्यातली अर्धी भाजी माझ्याकडे ओढून घेतली. तिने त्यांना अडवायला टोचलं, आणि त्या टोचण्यानेच ते उठून गेले. ती माझ्यासाठी बोलली होती, हे तिने म्हटलं नाही. मला कळत होतं.

वडील गावाला गेले त्याच्या पुढच्या आश्विनात मी एकटी आरेत जाऊन बघितलं. गवत तसंच होतं, वास तसाच. चतुरही होते. पण थांबून "गाव असोच असा" म्हणणारं कोणी नव्हतं. ज्या वाक्याला मी दर रविवारी घाबरायची, ते ऐकायला मी बराच वेळ उभी राहिले असं आता वाटतं. अर्ध्या वाटेवरून परत फिरले. झाडांची नावं आठवून बघितली, तर निम्मी आठवेनात, आणि जी आठवली ती वडिलांची चुकीची की आईची बरोबर, हेही सांगता येईना. गावाला गेल्यावर विचारू म्हटलं. विचारायचं राहून गेलं. त्यांच्याशी बोलायचं असं बरंच राहिलं. ते शेतात असायचे, मी दोन दिवसांची पाहुणी.

ते गावाला गेले त्या हिवाळ्यात आईने शर्टांची संख्या वाढवली. मी अंधेरीला सकाळचं कॉलेज करून दुपारी शिकवण्या घेतल्या. मार्चमध्ये परीक्षा दिली. त्या उन्हाळ्यात मी बी.ए. झाले, सेकंड क्लासमध्ये. आईच्या आणि वडिलांच्या, दोन्ही घरांत पदवी घेतलेली मी पहिली.